आधी रिंगण, मग पाऊल

पित्सिका हा दक्षिण इटलीतला लोकनाच शिकवणाऱ्या चांगल्या वर्गात पहिल्या तासाला नाच शिकवत नाहीत. शिक्षिका सगळ्यांना गोलात उभं करते, तांबुरेल्लो हे डफासारखं वाद्य हातात घेते आणि वाजवत राहते. शिकायला आलेल्यांचे पाय शिवशिवत असतात, कारण बहुतेकांनी मेल्पिन्यानो गावातल्या महोत्सवाच्या रंगमंचावरचा नाच पडद्यावर पाहिलेला असतो. मोकळे केस, अनवाणी पाय, गिरकी घेताना फुलणारे घेरदार झगे, हवेत फडकणारे रुमाल असं सगळं डोळ्यांत असतं आणि ते लगेच यावं अशी घाई असते. शिक्षिका मात्र एवढंच सांगते, की ऐका आणि अंगाचं वजन कधी कुठल्या पायावर जातंय ते बघा. बराच वेळ असाच जातो. एखाद्याला वाटतं, आपण पैसे कशाचे भरले?

या ऐकण्याचेच पैसे असतात, असं माझं मत आहे. लोकनृत्य वर्गात शिकवता येतं का, हा वाद इटलीत अनेक वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, गावाबाहेर काढलेला नाच म्हणजे फुलदाणीतलं फूल. दुसरी म्हणते, वर्ग नसते तर नाच म्हाताऱ्यांबरोबरच संपला असता. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण प्रश्न वर्ग असावा की नसावा हा राहिलेलाच नाही. आज पित्सिका नाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण ती वर्गातच शिकलेले आहेत. म्हणून वर्गात आधी काय शिकवतात आणि नंतर काय, यालाच महत्त्व आलं आहे.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे शाळेपासून माहीत असतं. त्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो, पुल्या प्रांताचं दक्षिण टोक. एका अंगाला आद्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन. मध्ये लाल माती, ऑलिव्हची झाडं, दगडावर दगड रचून केलेले बांध आणि चुन्याने रंगवलेली गावं. काही गावांत अजून ग्रिको नावाची ग्रीकवंशी बोली बोलली जाते. तारांतेल्ला या दक्षिण इटलीतल्या मोठ्या नृत्यकुळातली सालेंतोची शाखा म्हणजे पित्सिका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न असो, नामकरण असो, कापणी उरकलेली असो, कुणीतरी भिंतीवरचा तांबुरेल्लो काढायचं आणि अंगणात माणसं गोळा व्हायची. पोरं मोठ्यांच्या पायांत घुटमळत शिकायची. आजोबा नातीबरोबर नाचायचे, भाऊ बहिणीबरोबर, बाई बाईबरोबर आणि पुरुष पुरुषाबरोबरही. अंगावर रोजचेच कपडे असायचे, पायांत रोजचीच पायताणं.

तांबुरेल्लोपाशी जरा थांबायला हवं. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं आणि कड्यातल्या खाचांत पत्र्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. वाजवणारा तो एका हाताने उभा धरतो आणि दुसऱ्या हाताने वाजवतो. दर मात्रेचे तीन भाग पडतात आणि ते तिन्ही त्या एकाच हाताने काढायचे असतात. अंगठ्याची बाजू, बोटांची टोकं, तळव्याचा खालचा भाग कातड्यावर आलटून पालटून येतात. मनगट दारावरच्या बिजागरीसारखं मोकळं फिरावं लागतं. खांदा आवळला की पाच मिनिटांत हात भरून येतो. वाद्य धरलेला हातही गप्प नसतो. तो कडं थोडं थोडं पुढे-मागे झुलवतो, म्हणून चकत्यांचा आवाज ठोक्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे सांडतो. हा सांडलेला आवाजच नाचणाऱ्याला उचलतो. यंत्रावर तालाची गणितं अचूक बसवून वाजवलेली पित्सिका ऐकली तर काय हरवलं ते चटकन कळतं: पाऊल बरोबर पडतं, पण उचललं जात नाही. उन्हाळ्याच्या जत्रांत पहाटेपर्यंत वाजवणाऱ्यांच्या अंगठ्याची कातडी फाटते आणि वाद्यावर रक्ताचे डाग पडतात. सालेंतोत हे अभिमानाने दाखवतात. शिकणाऱ्याने मात्र त्याची नक्कल करू नये. हात फाटतो तो बहुधा जोर लावल्याने, आणि जुने जाणते वाजवणारे जोर लावतच नाहीत.

म्हणूनच जिवंत वाद्याशिवाय वर्ग घेणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. ध्वनिमुद्रित संगीतावर सराव करायला हरकत नाही, पण शिकणं त्यावर होऊ शकत नाही. मूळ पाऊल दिसायला सोपं आहे. एका पायावर बारीकशी उडी, दुसरा पाय लगेच खाली, पुन्हा पहिला. गुडघे सैल, टाच जमिनीवर आदळायची नाही, पाऊल शक्यतो आपल्याच अंगाखाली पडू द्यायचं. हे दहा मिनिटांत सांगून होतं. तेच दोन तास न थकता करता येणं, वाजवणाऱ्याने वेग वाढवला की आपोआप पाऊल लहान होणं, तो थकला की आपणही सैल पडणं, हे समोर माणूस वाजवत असल्याशिवाय अंगात उतरत नाही. ‘एक-दोन-तीन’ मोजत शिकलेला माणूस पुढे कायम मोजतच राहतो. त्याचे ओठ हलताना दिसतात.

*

पित्सिका या एका नावाखाली तीन निरनिराळे नाच येतात आणि वर्गातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. पहिला घरच्या-दारच्या आनंदाचा, जोडीने नाचायचा. सालेंतोत याला ‘पित्सिका-पित्सिका’ म्हणतात. दुसरा तोर्रेपादुलीच्या जत्रेतला पुरुषांचा द्वंद्वनाच. आणि तिसरा तारांतात्यांचा, म्हणजे कोळ्याच्या दंशाने पछाडलेल्यांचा. हा तिसरा नाच मुळात नाच नव्हताच, तो उपचार होता. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पित्सिका शिकवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

जून महिना, गव्हाची कापणी. शेतात राबणाऱ्या एखाद्या बाईला ‘तारांता’, म्हणजे तो कोळी, चावायचा. ती खाली कोसळायची, हातपाय वाकडे व्हायचे, बोलणं बंद व्हायचं. घरचे लोक डॉक्टरऐवजी वादकांना बोलवायचे. व्हायोलिन, तांबुरेल्लो, छोटी पेटीसारखी ऑर्गानेत्तो, कधी गिटार. वादक एकामागून एक चाली वाजवून पाहायचे. ज्या चालीला तिचं अंग हलायला लागे, ती तिच्या कोळ्याची चाल. मग तिने नाचायचं. तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस. तिला आवडणाऱ्या किंवा न सोसणाऱ्या रंगांच्या फिती जवळ ठेवायच्या. 29 जूनला, संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाला, गालातीना गावातल्या संत पॉलच्या छोट्या देवळात जायचं, विहिरीचं पाणी प्यायचं आणि संताने सोडवल्याची कृपा मागायची. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत अनेकींना पुन्हा तोच त्रास.

हा प्रकार शतकानुशतकं चालत आलेला. अथानासियुस किर्खर या जेझुइट विद्वानाने 1641 मध्ये चुंबकत्वावरच्या आपल्या ग्रंथात या उपचाराच्या चाली छापल्या होत्या. वैद्यांनी विष मोजलं, धर्मगुरूंनी पाखंड शोधलं, शहरी प्रवाशांनी गंमत पाहिली. 1959 च्या जूनमध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो हा धर्म-इतिहासाचा अभ्यासक सालेंतोत आला तेव्हा त्याने एकट्याने पाहायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ होता, मानसशास्त्रज्ञ होती, मानववंशाची अभ्यासक होती, फ्रांको पिन्ना हा छायाचित्रकार होता आणि द्येगो कार्पितेल्ला हा लोकसंगीताचा जाणकार होता. या कामावरचं त्याचं पुस्तक 1961 मध्ये आलं आणि त्या विषयावर आजही पहिलं नाव त्याचंच घेतलं जातं.

त्यातला नार्दो गावातला प्रसंग प्रत्येक पित्सिका-शिक्षकाने वाचलेला असावा. दे मार्तिनोने त्या तरुण बाईचं खरं नाव झाकून तिला ‘नार्दोची मारिया’ म्हटलं आहे. गरिबाघरची खोली. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली. भिंतीला टेकून नातेवाईक आणि शेजारीपाजारी. संताच्या तसबिरी, वादकांना द्यायच्या पैशांसाठी टोपली. मारिया चादरीवर पडलेली. आधी फक्त डोकं तालावर डावी-उजवीकडे हलतं, मग टाचा, मग ती पाठीवर सरपटते, मग उठून गोल गोल नाचत सुटते, मग कोसळते. वादक थोडं थांबतात, ती पाणी पिते, पुन्हा सुरुवात. वादकांचा म्होरक्या होता लुइजी स्तीफानी, पेशाने न्हावी. दक्षिण इटलीत न्हाव्याचं दुकान ही त्या काळी संगीताची शाळाच असे; गिऱ्हाईक नसलं की भिंतीवरचं व्हायोलिन, मँडोलिन, गिटार खाली येई. स्तीफानीने असंख्य बायकांसाठी वाजवलं आणि त्यांच्या नोंदी वहीत लिहून ठेवल्या. ती वही पुढे छापली गेली. 2000 साली तो वारला, तेही जूनच्या अखेरीस, संत पॉलच्या सणाच्या तोंडावर. जानफ्रांको मिंगोत्सी याने 1962 मध्ये या उपचारावर छोटा माहितीपट केला. साल्वातोरे क्वासिमोदो या नोबेल-विजेत्या कवीने त्याचं निवेदन लिहिलं आणि पडद्यावर तांबुरेल्लो, व्हायोलिन, चादर हे सारं दिसतं. तो पाहताना मला ‘सुंदर नाच’ असं म्हणवलं नाही.

दे मार्तिनोचं म्हणणं थोडक्यात असं: दर वर्षी त्याच सुमाराला, एकदा चावलेल्याच बाईला पुन्हा त्रास होतो, गालातीना गावच्या हद्दीत मात्र कोळ्याचं काही चालत नाही, तर ही विषबाधा कशी? ज्यांना त्रास होई त्यांत बहुतेक बायका, त्यांतही शेतमजुरीवर जगणाऱ्या. पहिला दंश बहुधा वयात येताना, नको असलेल्या लग्नाच्या वेळी, प्रेम तुटल्यावर किंवा घरात कुणी गेल्यावर. जे तोंडाने बोलायची सोय नव्हती, ते कोळ्याच्या नावाने अंगातून बाहेर पडत होतं आणि समाजाने त्याला एक ठरलेली वेळ, चाल आणि जागा दिली होती. आपल्याकडे अंगात येणाऱ्या बाईकडे आपण जसं पाहतो, कधी भक्तीने, कधी हसत, कधी तुच्छतेने, तसंच तिथेही पाहत. उपचाराचा खर्चही मोठा असे. वादकांना दिवसांचे पैसे द्यायला घरं कर्जात बुडत.

आता कल्पना करा: एखाद्या मोठ्या शहरातला प्रशिक्षणवर्ग, शनिवार-रविवार, मेणबत्त्या, सगळ्यांना जमिनीवर लोळायला सांगतात आणि ‘तुमच्या आतल्या कोळ्याला मोकळं सोडा’ म्हणतात. अशा कार्यशाळा होतात आणि त्यात येणाऱ्यांना बरंही वाटत असेल. नाचल्यावर बरं वाटतंच. पण त्याला तारांतिस्मो, म्हणजे तारांतात्यांचा तो उपचार, म्हणणं चूक आहे. नार्दोच्या त्या बाईने स्वतःहून नाव नोंदवलं नव्हतं. तिच्यामागे कर्ज होतं, गाव होतं, संत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसरा मार्ग नव्हता. तिची चादर अंथरून आपण तिच्या नावाने खेळ करू नये. शिकवायचंच असेल तर पुस्तक वाचून दाखवावं, माहितीपट दाखवावा, आणि मग उठून पित्सिका-पित्सिका नाचावी. ती आनंदाचीच आहे.

*

दुसऱ्या महायुद्धानंतर सालेंतोतले लोक कामाच्या शोधात बाहेर पडले. कुणी बेल्जियमच्या खाणींत, कुणी स्वित्झर्लंड-जर्मनीत, कुणी तोरिनो-मिलानच्या कारखान्यांत. गावात टीव्ही आला. पित्सिका म्हणजे अडाणीपणाची आणि दारिद्र्याची खूण, असं तरुणांना वाटू लागलं. तांबुरेल्लो माळ्यावर गेला. अमेरिकेचा अ‍ॅलन लोमॅक्स कार्पितेल्लाबरोबर 1954 मध्ये सालेंतोत ध्वनिमुद्रणं करून गेला नसता तर बरेच आवाज कायमचे गेले असते.

पुनरुज्जीवन सुरू झालं 1970 च्या दशकात. लेखिका रीना दुरांते हिच्या पुढाकाराने 1975 मध्ये ‘कांत्सोन्येरे ग्रेकानिको सालेंतीनो’ ही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मंडळी उभी राहिली. ती आजही जगभर फिरते. पुढे 1996 मध्ये एदोआर्दो विन्स्पेअरचा ‘पित्सिकाता’ हा चित्रपट आला. 1998 मध्ये मेल्पिन्यानोत ‘ला नोत्ते देल्ला तारांता’ हा महोत्सव सुरू झाला आणि काही वर्षांतच शेवटच्या रात्रीची गर्दी लाखांत मोजली जाऊ लागली. दर वर्षी एका प्रसिद्ध संगीतकाराकडे सूत्रं देतात: ‘द पोलीस’चा ढोलिया स्ट्युअर्ट कोपलंड, लुदोविको एइनाउदी, गोरान ब्रेगोविच असे लोक येऊन गेले. महोत्सवाने सालेंतोला पर्यटक दिले, पोरांना अभिमान दिला, गावातल्या हातांना काम दिलं. हे मोठं काम आहे आणि महोत्सवावर नुसती टीका करणाऱ्यांनी ते विसरू नये.

पण रंगमंचाला प्रेक्षक एकाच बाजूला लागतो. रिंगणाला बाजूच नसते. मंचावर नर्तकांचा ताफा आला, समकालीन नृत्यातले दिग्दर्शक आले, रांगा आल्या, एकाच वेळी उठणारे हात आले. दुरून दिसावं म्हणून झगा मोठा झाला, रुमाल मोठा झाला, गिरक्या वाढल्या. वर्गांनी हे सगळं उचललं, कारण शिकणाऱ्याला तेच हवं होतं. वर्गखोलीत आरसा असतो, शिक्षिका पुढे उभी, बाकीचे तिच्या मागे रांगेत. रांगेत उभं केलं की रिंगण गेलंच. शेजारी कोण आहे हे बघायचं कारण उरत नाही. इटलीतल्या लोकनृत्यांच्या नोंदी करण्यात आयुष्य घालवलेला जुझेप्पे मिकेले गाला याच्यासारखा अभ्यासक जुन्या नाचणाऱ्यांचा नाच आणि आजची मंचावरची पित्सिका यांत फरक करा असं सांगत आला आहे, तो याचसाठी.

जुन्या पित्सिकेत रिंगणाला ‘रोंदा’ म्हणतात. वाजवणारे त्याच कड्यात उभे असतात, बाहेर नव्हे. मध्ये एकच जोडी. बाकीचे टाळ्या देतात, ताल धरतात, पाहतात. आत जायचं तर चाललेला डाव पाहून, योग्य क्षणी, एकाची जागा घ्यायची. निघणाऱ्याने हसून निघायचं. मध्ये असताना नजर जोडीदारावर, पायांवर नव्हे. तो जवळ आला तर आपण किंचित मागे, तो वळला तर आपण जागा बदलायची, कधी पाठलाग, कधी हुलकावणी. हात अंगाच्या जवळ. रुमाल असलाच तर बोलवायला, तोही थोडाच वेळ. फार वेळ मध्ये राहणं हा उद्धटपणा समजतात. पाऊल न येणारा माणूसही रिंगणात टाळी धरून उपयोगी असतो आणि असा माणूस तासभर उभा राहिला की त्याचं पाऊल आपोआप हलू लागतं. चांगली शिक्षिका वर्गात रोंदा लावते ती यासाठीच. आरसा असलेल्या खोलीत ती आरशावर पडदा ओढते किंवा त्याच्याकडे पाठ करून गोल धरते. एवढ्या साध्या गोष्टीने वर्गाचा चेहरा बदलतो. जे लोक आधी स्वतःकडे बघत होते ते एकमेकांकडे बघू लागतात.

कालाब्रियाने, म्हणजे बुटाच्या चवड्याने, या शिस्तीसाठी एक माणूसच नेमला आहे. रेज्जो कालाब्रियाकडच्या तारांतेल्लात रिंगणाला ‘रोता’ म्हणतात आणि त्यावर ‘मास्त्रो दी बाल्लो’ची, नाचाच्या म्होरक्याची सत्ता चालते. कोणी कोणाबरोबर नाचायचं, केव्हा थांबायचं हे तो ठरवतो. पहिल्याला बाहेर काढतो, दुसरा पहिला होतो, तिसऱ्याला आत बोलावतो. आस्प्रोमोन्तेच्या डोंगरात पोल्सीच्या देवीची जत्रा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरते, तिथे मशकवाद्य आणि ऑर्गानेत्तोच्या सुरावर अशा रोता लागतात. मास्त्रो पाऊल शिकवत नाही. तो लाजऱ्याला आत ओढतो, आगाऊ माणसाला बाहेर काढतो, म्हाताऱ्याला मान देतो, भांडण होणाऱ्या दोघांना समोरासमोर येऊ देत नाही. लोकनृत्याच्या शिक्षकाने कुणाकडून शिकायचं असेल तर याच्याकडून. पावलं कुणीही दाखवील. रिंगण सांभाळणं हेच खरं शिकवणं.

*

आता उलटं उदाहरण. उत्तरेत, बोलोन्या शहरात, ‘पोल्का किनाता’ नावाचा नाच विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुरुष पुरुषांबरोबर नाचत. दोघं घट्ट मिठी मारून गिरक्या घेतात आणि गिरकी चालू असतानाच गुडघ्यात वाकत जातात, जवळजवळ जमिनीपर्यंत, न थांबता. कसरतीचा नाच आहे हा. बघणाऱ्यांत बायका असत आणि त्यांच्यावर छाप पाडायची हा हेतू उघड होता. 2018 च्या अखेरीस हा नाच येणारी माणसं इटलीत फक्त पाच उरली होती. जानकार्लो स्तान्यी या बोलोन्याच्या फिलुत्सी नाचाच्या गुरूने 1960 च्या दशकातली काही चित्रमुद्रणं शोधून, त्यांचा अभ्यास करून तो पुन्हा उभा केला होता. आलेस्सांद्रो शारोनी हा समकालीन नृत्यकार त्याच्याकडे गेला, दोन तरुण नर्तकांना तो नाच शिकवून घेतला आणि 2019 मध्ये ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ या नावाने छोटा प्रयोग केला. प्रयोगाबरोबर शिकवणीवर्ग, अशी त्याने जोड दिली. जिथे प्रयोग तिथे स्थानिक लोकांना पोल्का किनाता शिकवायची. त्याच वर्षी व्हेनिस बिएन्नालेने त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला.

इथे रिंगण नव्हतं, आजोबा नव्हते, गाव नव्हतं. होती ती चित्रफीत आणि एक गुरू. तरीही नाच वाचला, कारण कुणीतरी वर्ग घेतला. वर्गांना नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण चित्रफितीतून कोन दिसतात, वजन दिसत नाही. गिरकीत खाली जाताना कुणाचं वजन कुणी पेललं आहे, मिठी कितपत घट्ट, श्वास कधी सोडायचा, हे एका अंगाने दुसऱ्या अंगाला सांगावं लागतं. म्हणून हा नाच पाचांकडून सहाव्याकडे जाताना प्रत्येक वेळी दोन माणसं मिठीत लागतातच. त्याला पर्याय नाही.

पित्सिकेचंही शेवटी तेच आहे. तिच्याकडे ध्वनिमुद्रणं आहेत, चित्रपट आहेत, महोत्सव आहे, विद्यापीठातले प्रबंध आहेत. कमी पडतात ती रिंगणं.

ती अजून जिथे आपोआप लागतात अशी एक जागा सांगतो. सालेंतोच्या टोकाकडे रुफ्फानोजवळ तोर्रेपादुली नावाचं खेडं आहे. 15 ऑगस्टच्या रात्री, संत रोकोच्या सणाच्या आदल्या रात्री, देवळासमोर तांबुरेल्लो घेऊन लोक जमतात आणि पहाटेपर्यंत वाजवतात. मंच नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही. पाच-सहा वाजवणारे एकत्र आले की एक रोंदा, पलीकडे दुसरा, त्यापलीकडे तिसरा. काहींमध्ये पुरुष समोरासमोर येऊन, बोटं सुरीसारखी धरून, तो द्वंद्वनाच खेळतात. त्याला तलवारींचा नाचही म्हणतात. त्याचे नियम न शिकता आत घुसणं तिथे अपमान समजला जातो. बाकीच्या रिंगणांत मात्र पाहुण्यालाही जागा होते, त्याने आधी उभं राहून टाळी धरली असेल तर.

वाचकांपैकी कुणी परदेशी राहत असाल, कुणाची मुलं तिकडे शिकत असतील, आणि शहरात पित्सिकेचा वर्ग दिसला तर जरूर जा. नाव नोंदवण्याआधी शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. तुम्ही हा नाच कोणाकडून, कुठल्या गावात शिकलात? वर्गात तांबुरेल्लो माणूस वाजवतो की यंत्र? आणि तुम्ही आम्हाला रांगेत उभं करणार की गोलात? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर पैसे भरा. नाही मिळाली तर दुसरा वर्ग शोधा.